वहिनीची ओटी आणि चार डोक्यांचं मशीन

मी वर्ध्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, आणि दरवर्षी एका ठरावीक तासाला माझं डोकं फिरतं. तो तास समांतर कामाचा. एकच प्रोसेसर एकामागून एक कामं उरकतो, की चार प्रोसेसर मिळून ती एकाच वेळी करतात, यातला फरक समजावून सांगायचा असतो. फळ्यावर मी चार चौकोन काढले रे काढले की मागच्या बाकावरून उत्तर येतं, "मॅडम, चार कोअर म्हणजे काम चौपट लवकर." मी खडू खाली ठेवते. "गेटपाशी तुझी गाडी बंद पडली आणि चौघांनी मिळून तिला किक मारली, तर ती चौपट लवकर सुरू होते का रे?" वर्ग हसतो. परीक्षेत पुन्हा तेच लिहून ठेवतात. म्हणे चौपट!

खरं सांगायचं तर बरीच वर्षं मलाही याहून फार काही कळत नव्हतं. पुस्तकातलं सगळं येत होतं. वेळेशी बांधलेल्या कामात बरोबर उत्तर उशिरा आलं तर ते चुकीचंच धरायचं, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायची आणि पुसायची. त्याचा अर्थ कळला तो आमच्या बगीच्यात, तळेगाव श्यामजीपंतच्या अलीकडे, संत्र्यांच्या ढिगाशेजारी. आणि शिकवला तो सातवी पास झालेल्या माझ्या वहिनीने.

वहिनी रोहण्याची. मी चौथीत असताना ती लग्न होऊन आमच्या घरी आली आणि आल्या आल्या तिने माझ्या वेण्या घालायचं काम स्वतःकडे घेतलं. आमच्यात नणंद-भावजयीचं जे काही भांडण व्हायचं ते वेणी घालतानाच व्हायचं, कारण तेव्हा मला पळता यायचं नाही. अजूनही ती मला "बाई" म्हणते, "तुमी" म्हणते, आणि त्याच तोंडाने अशी काही फिरकी घेते की आपण कॉलेजातल्या मॅडम आहोत हे मी विसरून जाते. मला तिचं कौतुक आहे हे आधीच सांगून टाकते, उगाच आडपडदा नको. काम करताना माणूस किती देखणं दिसतं ते मी पहिल्यांदा तिच्याकडे बघून शिकले.

तोडलेली संत्री बगीच्यातल्या टिनाच्या शेडमध्ये ओततात आणि मग बायका त्यांची छटाई करतात, म्हणजे निवडून वेगळी करतात. मोठं, साफ फळ एक नंबर. थोडं डागी किंवा मध्यम असेल ते दोन नंबर. आणि अगदी बारीक फळ म्हणजे चुरी. वहिनी ढिगापाशी तरट टाकून मांडी घालून बसते. उजवीकडे एक नंबरचं कॅरेट, डावीकडे दोन नंबरचं, चुरी समोर. तिचे दोन्ही हात एकदम ढिगात जातात, दोन फळं घेऊन बाहेर येतात आणि दोन दिशांना सुटतात. तोपर्यंत तोंडाने कोणाच्या तरी लग्नातल्या वांग्याच्या भाजीत मीठ कसं नव्हतं याची कथा चालू असते. त्या कथेचा हातांना पत्ता नसतो आणि हातांचा कथेला.

तिच्याजवळ आणखी तिघी बसतात, गावातल्याच. प्रत्येकीचा ढिगातला आपापला वाटा. एखाद्या फळाचं कोणाला पटकन ठरवता आलं नाही तर ते हातात धरून ठेवायचं नाही, सरळ वहिनीच्या ओटीत टाकायचं. वहिनीने पदर गुडघ्यांवर पसरून त्याची झोळी केलेली असते. तिची स्वतःची संशयाची फळंही तिथेच पडतात. ढीग संपला की मग ती ओटीतली फळं एक एक करून निवांत बघते. "हातात घेऊन इचार करत बसलं का ढीग वाट पाह्यत राह्यते," हे तिचं म्हणणं. दरवर्षीचा व्यापारी आमची कॅरेटं उघडून बघत नाही. "वयनीच्या हातचा माल हाय ना?" एवढंच विचारतो आणि गाडीत चढवतो.

आणि दादा, माझा मोठा भाऊ. त्याचं एक खूळ होतं. रोज सकाळी तो स्वतः वहिनीची कॅरेटं मांडायचा, पावलाने अंतर मोजून. कोणी डबा ठेवायला म्हणून एखादं कॅरेट जरासं सरकवलं तर पाणी द्यायला गेलेला हा माणूस पलीकडच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडायचा, "कॅरेट हलवू नोका!" मला वाटायचं, पन्नाशी उलटली की माणूस असाच चिडका होतो. आमच्या घराण्यात चिडकेपणा आहेच, उदाहरणाला लांब जायला नको, मी आहेच.

गेल्या दिवाळीला मी घरी गेले तेव्हा वहिनीने चहा ओतला तो कपाच्या बाहेर. "माय वं, लक्षच नोतं," म्हणत हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग मी नीट बघायला लागले. बाजूचं काही बघायचं असलं की ती नुसता डोळा फिरवत नव्हती, सगळी मान वळवत होती. मी म्हटलं, "वयनी, वर्ध्याले डॉक्टरकडे चला." तर तिचा पहिला प्रश्न, "त्याईले काय सांगू?" त्याईले म्हणजे दादाला. मी सुचवलं, केळझरच्या गणपतीला जाऊन येतो असं सांगू. ती माझ्याकडे बघतच राहिली. "देवाच्या नावानं खोटं बोलता? मंग केयझरले जाच लागते."

म्हणून आम्ही आधी वर्ध्याला डॉक्टरांकडे आणि मग त्याच दिवशी, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलेल्या अवस्थेत, केळझरला गेलो. उन्हात तिला काही दिसेना. माझा हात घट्ट धरून पायऱ्या चढली, हात जोडले, आणि उतरताना म्हणाली, "बाई, गनपती दिसला नाई, पन भेटला."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. कडेकडेची नजर गेलेली. गेलेली परत येत नाही, उरलेली राखायची. रोज थेंब टाकायचे आणि टाकल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. मी बसमध्ये तिला धीर देत होते, पण तिला आंधळेपणाची भीती नव्हतीच. तिची भीती वेगळी होती. "बाई, कोनाले सांगजा नोका. दिसत नाई म्हनतीन आन मले ढिगावरून उठवतीन. इतके वर्सं बसली मी तिथं. मंग काय करू, खाटेवर बसून टीव्ही पाहू?" तिचे डोळे भरून आले होते. मी वचन दिलं. दादालासुद्धा सांगणार नाही म्हणाले.

वचन दिलं आणि घरी येऊन अतिशहाणपणा केला. मला वाटलं, हिचं कामच मशीनने केलं तर कोणी हिला उठवायचा प्रश्नच येणार नाही, ही आपली आपण सुखाने बसेल. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाला प्रत्येक दुखण्यावर मशीनच सुचतं. वर्षभर सुट्टीच्या दिवशी खपून मी छटाईचं मशीन तयार केलं. वेल्डिंगवाल्याकडून सांगाडा, त्यावर रबरी पट्टा. पट्ट्याच्या तोंडाशी जाळी, तिच्यातून चुरी आधीच गळून पडणार. बाकीची फळं एका रांगेत पुढे. वर कॅमेरा, बाजूला वहीपेक्षा लहान कॉम्प्युटर, त्यात चार कोअर, म्हणजे चार डोकी. कॅमेऱ्यापासून दीड हातावर एक फळी. एक नंबर असेल तर फळी फळाला उजवीकडे ढकलणार, दोन नंबर असेल तर डावीकडे. कॉम्प्युटरने निकाल द्यायचा तो फळ कॅमेऱ्याखालून त्या फळीपर्यंत पोचायच्या आत. पट्टा कोणासाठी थांबत नाही.

आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली तेव्हा मी चार दिवस रजा काढून टेम्पोत मशीन घालून बगीच्यात आले. चौथ्या दिवशी व्यापारी यायचा होता. दादा मशीनभोवती एक फेरी मारून म्हणाला, "चालवून पाह्य." त्याचं कौतुकही तेवढंच आणि विरोधही तेवढाच. वहिनी हात पुसत आली.

"हे काय वं बाई?"

"वयनी, आता तुमचं काम हे करते. तुमी आराम करा."

ती काही क्षण पट्ट्याकडे बघत राहिली. मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "म्हंजे जिले मी इश्वासानं सांगतलं, थेच मले उठवून राह्यली." आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या बोलण्यातून "तुमी" गळलं होतं. मला रागच आला. वर्षभर खपले ती कोणासाठी? "तुमच्यासाठीच केलं ना!" मी म्हटलं. "मी मांगतलं होतं काय?" एवढं बोलून ती ढिगापाशी जाऊन बसली आणि त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही. फणकारा मलाही येतो.

पहिल्या दिवशी मशीन एकाच डोक्याने चालवलं. आधी फळाचा आकार बघायचा, मग रंग, मग डाग. एकामागून एक, सरळ हिशोब. साफ फळाचं उत्तर चटकन यायचं. डागी फळ आलं की कॉम्प्युटर एक एक डाग तपासत बसायचा आणि उत्तर येईपर्यंत फळ फळीच्या पुढे निघून गेलेलं असायचं. मग फळी वळायची ती मागून येणाऱ्या निरपराध फळावर. चांगलं, गोंडस एक नंबरचं संत्रं दोन नंबरात जाऊन पडायचं. तिघी बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. दिवस उतरताना वहिनीचा अबोला सुटला, तोही ढिगाकडे तोंड करून. "एकाचा मार दुसऱ्याले बसून राह्यला," ती म्हणाली. आणि मी गेले दोन तास स्क्रीनवर शोधत होते ती चूक नेमकी हीच होती.

दुसऱ्या दिवशी मी चारही डोकी कामाला लावली. एकाने आकार बघायचा, एकाने रंग, एकाने डाग, चौथ्याने तिघांची उत्तरं गोळा करून निकाल द्यायचा. मला वाटलं, आता कसं! पण आकार आणि रंगवाले आपलं काम उरकून डागवाल्याची वाट बघत बसायचे. डागवाला तितकाच रेंगाळायचा. चौपट तर सोडाच, दीडपटसुद्धा नाही. मी स्वतःलाच खडू फेकून मारला असता. माझ्या मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून बघितलं तर वहिनी. मी तिला काय बिघडलंय ते सांगितलं, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी उलटी वेणी घातली आहे.

"आमी अशा बसतो काय? एकीनं मोठं-लहान पाह्याचं, दुसरीनं रंग, तिसरीनं डाग? मंग एका फयापाई तिघी अडकतीन. जिचं फय तिनं पुरं पाह्याचं."

जिचं फळ तिने पुरं बघायचं. हेच मी मुलांना शिकवते, फक्त लांबलचक शब्दांत. कामाचे तुकडे पाडून वाटायचे, की अख्खी अख्खी कामं वाटून द्यायची? स्वतःच्या मशीनपाशी मात्र मला ते सुचलं नव्हतं. आणि मला ते तिच्या बोलण्यापेक्षाही तिच्या बसण्यातून दिसायला हवं होतं. लहानपणापासून मी ते बघत आले होते.

तिसऱ्या दिवशी प्रत्येक डोक्याला आपापलं पूर्ण फळ दिलं. वेग वाढला, पण नवी भानगड झाली. पाचव्या फळाचं उत्तर चौथ्याच्या आधी यायला लागलं आणि फळी पुन्हा गोंधळली. मग प्रत्येक फळाला नंबर चिकटवला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत, आणि ज्याचं उत्तर त्यालाच मिळेल असं केलं. दुपारपर्यंत पट्टा छान चालायला लागला. तरीही दहा-पंधरा फळांमागे एखादं असं यायचं, डागांनी भरलेलं, देठापाशी चिरलेलं, की त्याचा निकाल वेळेत लागायचाच नाही. सरासरी वेळ उत्तम होता. पण पट्ट्याला सरासरी कळत नाही, त्याच्यावर आत्ता आलेलं फळ असतं.

मी दमून वहिनीशेजारी तरटाच्या कडेला बसले. ती आणि तिच्या तिघी कामात होत्या. मी नुसती बघत राहिले आणि बघता बघता वेडीच झाले. किती साधं होतं! फळ सोपं असो की अवघड, तिचा हात त्याच्यासाठी एका क्षणापेक्षा जास्त थांबत नव्हता. ठरलं तर कॅरेटमध्ये, नाही ठरलं तर ओटीत. अवघड फळामुळे सोप्या फळांची रांग तिने कधी अडवलीच नाही. सगळ्यात अवघड फळालासुद्धा तिच्याकडे तेवढाच वेळ होता. वेळेशी बांधलेलं काम म्हणजे काय ते ही बाई रोज सकाळी मांडी घालून करत होती, आणि मी पगार घेऊन ते फळ्यावर लिहीत होते.

"वयनी, तुमी लय भारी हा," मी म्हटलं.

"आता लोनी नोका लावू," ती म्हणाली. पण गालात हसली. "बाई" आणि "तुमी" परत आलं होतं.

मी उठून कॉम्प्युटरमध्ये चार ओळी वाढवल्या. प्रत्येक फळाला ठरलेला वेळ. तेवढ्यात निकाल लागला नाही तर फळी सरळ राहील आणि फळ कुठेही न ढकललं जाता पट्ट्याच्या टोकावरून खाली पडेल. त्या टोकाखाली मी एक रिकामं कॅरेट ठेवलं. प्रोग्रॅममध्ये त्या वाटेला नाव द्यावं लागतं. मी "ओटी" असं लिहिलं. त्यानंतर पट्टा एकदाही चुकला नाही. मला आनंद झाला होता आणि त्या आनंदात, ढिगापाशी बसून वहिनी त्या न चुकणाऱ्या पट्ट्याकडे कशी बघत होती ते मी बघितलंच नाही.

चौथ्या दिवशी व्यापारी सांगितल्यापेक्षा लवकर आला. वहिनीने नुकतेच थेंब टाकले होते. रोज ती शेडच्या मागे जाऊन टाकायची आणि मग ढिगापाशी येऊन, जपाला बसल्यासारखी डोळे मिटून बसायची. मी घाईघाईने मशीन लावलं, पट्ट्याचं टोक दादाने सकाळी मांडलेल्या वहिनीच्या दोन कॅरेटांच्या मध्ये येईल असं. मशीनचा पाय नीट बसत नव्हता म्हणून एक नंबरचं मोठं कॅरेट हातभर पलीकडे सरकवलं. दादा गाडीपाशी होता, त्याचं लक्ष नव्हतं. बटण दाबलं. फळं निघाली. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, मधूनच एखादं सरळ. व्यापारी कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"गजब हाय," तो म्हणाला. आणि मग हसत, "म्हंजे आता वयनीची सुट्टी!"

त्याने ते गमतीनेच म्हटलं होतं. पण तिघी बायकांनी एकदम वहिनीकडे बघितलं. वहिनी उठली. डोळे मिटलेलेच. एका हाताने तरट ओढत, दुसऱ्या हाताने पट्ट्याचा सांगाडा चाचपत ती टोकाशी आली, माझं रिकामं कॅरेट पायाने बाजूला सारलं, तिथे, दोन कॅरेटांच्या मध्ये, रोजच्यासारखं तरट टाकून बसली आणि गुडघ्यांवर पदर पसरला. मशीनला न ठरवता आलेलं पहिलं फळ तिच्या ओटीत पडलं.

"वयनी, झोपल्या काय?" व्यापाऱ्याने विचारलं.

मशीनने ज्यात एक नंबरची फळं टाकली होती ते कॅरेट मी जिथे सरकवलं होतं तिथे, माझ्याच पायाशी होतं. तिने हात पुढे केला. "बाई, मशीनच्या एक नंबरातले दोन-चार द्या." मी दिली. ती बोटांनी दाबून, तळहातावर तोलून तिने दोन परत केली आणि एक व्यापाऱ्याकडे धरलं. "हे फोडा."

वरून ते फळ सुंदर होतं, मोठं, पिवळंधमक, एकही डाग नाही. व्यापाऱ्याने फोडलं. साल सुटलेली आणि आत फोडी कोरड्या, पोकळ. कॅमेऱ्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. मी वर्षभर तिचे डोळे बनवत बसले होते आणि ती काम करत होती हातांनी! दोन डोळे मिळून एका वेळी एकच फळ बघतात, दोन हात मात्र दोन फळं तोलतात. दोन्ही हातांनी एकदम छटाई करणारी बाई डोळ्यांनी छटाई करत नसणार, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

"नाई बापा," व्यापारी म्हणाला, "मशीन ठीक हाय, पन एक नंबरवर वयनीचा हात फिरला पाह्यजे. मंग मी न पाह्यता घेतो."

वहिनीचा चेहरा फुलला. ओटीत जमलेली फळं तिने उचलली, दोन्ही हातांत दोन, आणि नेहमीच्या सवयीने उजवीकडचं फळ उजवीकडे सोडलं. ते जमिनीवर पडलं आणि गडगडत व्यापाऱ्याच्या बुटापाशी गेलं. तिने दुसरंही उजवीकडेच सोडलं. तेही तसंच. कॅरेट तिथे नव्हतंच. तिने डोळे उघडले आणि मान वळवून, सगळी मान वळवून, ते शोधायला लागली.

तिघी बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वहिनीचे हात ओटीत तसेच थांबले. बसमध्ये ज्याला घाबरून ती रडली होती ते आता सगळ्यांसमोर घडत होतं, आणि ते मी घडवलं होतं. मी पट्टा बंद केला.

दादा गाडीकडून धावत आला. त्याने कॅरेट उचललं, वहिनीच्या उजव्या हाताशी आणून ठेवलं, पावलाने अंतर मोजलं, जरासं मागे घेतलं. मग माझ्यावर ओरडला, "सांगतलं होतं ना हलवू नोको म्हनून!"

माझा तोल गेला. भीती, शरम, सगळंच रागातून बाहेर पडलं. "हातभरच सरकवलं ना! हातभरानं काय होते एवढं?"

"तिले तिकडचं दिसत नाई," दादा म्हणाला.

वहिनीने मान त्याच्या आवाजाकडे वळवली. मग अगदी बारीक आवाजात तिने विचारलं, "तुमाले कोनी सांगतलं?"

"सांगाले कायले लागते? दोन वर्सं झाले मी कॅरेट मांडून राह्यलो." तो तिच्याकडे न बघता दुसरं कॅरेट नीट करत होता. "आन केयझरचा गनपती डोयात टाकाचे थेंब देते काय?"

एक बाई फिसकन हसली आणि लगेच तिने तोंडाला पदर लावला. व्यापारी पाठ फिरवून उगाच गाडीची दोरी तपासायला लागला. दोन वर्षं! ती त्याच्यापासून लपवत होती, तो तिच्यापासून लपवत होता, शेजारी शेजारी दोघांचं काम चालू होतं, एका शब्दाची देवाणघेवाण नाही, आणि एकही फळ जमिनीवर पडलं नव्हतं. मी मध्ये येईपर्यंत.

"माहीत होतं," वहिनी म्हणाली, "तं मंग मले ढिगावरून उठवलं काऊन नाई?"

दादाने कॅरेट सोडलं. पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघितलं, समोरून, जिथून तिला तो दिसेल असं बसून.

"तुले उठवून तिथं कोनाले बसवू?"

थेंबांनंतरची पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, तरी वहिनीने पुन्हा डोळे मिटून घेतले आणि पदर गुडघ्यांवर नीट ओढला. "बाई," ती म्हणाली, "पट्टा काऊन थांबवला? चालू करा."

मी बटण दाबलं.